स्टूल असलेली ब्रांच

परवा रात्री पावणेदहाच्या सुमारास, ताटातला दहीभात आणि लोणच्याची शेवटची फोड यांचा हिशेब नेमका जुळत आलेला असताना, नागपूरहून भाचीचा फोन आला. "मामा, आज ब्रांच लॉक करायचीय. अकरा पंचावन्नपर्यंत मुदत आहे. तुला वेळ आहे ना रे?"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या घरात माझा सल्ला घ्यायची पद्धत नाही. दुधी कोवळा आहे की जून, हेसुद्धा बायको मला विचारत नाही. भाजीवाल्याला विचारते, ज्याचा त्यात उघड उघड स्वार्थ आहे. त्यामुळे एका होऊ घातलेल्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी आयुष्याच्या वळणावर माझी आठवण काढावी, हे ऐकून मला असं काही भरून आलं की मी उष्ट्या हातानेच गॅलरीत गेलो, कोपराने खुर्ची ओढली, घसा खाकरला आणि म्हणालो, "ब्रांच कशी निवडायची, ते नीट ऐक."

"अरे मामा, ते नाही, मला फक्त..."

"मध्ये बोलू नकोस."

ज्यांच्या घरात सध्या कोणी डॉक्टर होत नाहीये (असं घर महाराष्ट्रात उरलं असेल तर) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग नीट-पीजी नावाची परीक्षा. दोनशे प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. त्यातून रँक येते आणि रँकप्रमाणे ब्रांच मिळते. वरचे लोक रेडिऑलॉजी, मेडिसिन, स्किन उचलतात. अ‍ॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, फोरेन्सिक या बिचाऱ्या शाखा लग्नात शेवटच्या पंगतीला उरलेल्या मठ्ठ्यासारख्या तशाच राहतात. जागा इतक्या रिकाम्या राहायला लागल्या की २०२३ साली सरकारने पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली. बातमी वाचली त्या दिवशी मी देवासमोर दिवा लावला. माझ्या दर्जाच्या विद्यार्थ्याची कोणीतरी दखल घेतली होती.

पण ब्रांचच्या आधी मी डॉक्टरच का झालो, तेही ऐका. कारण होतं आत्याचे गुडघे. "बाळ्या, आपल्या घरात एक तरी डॉक्टर हवा रे," असं ती दर दिवाळीला पाटावरून उठताना म्हणायची, आणि उठायला तिला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात हे वाक्य तीनदा म्हणून व्हायचं. शिवाय बायोलॉजीत गणित नसतं, हाही एक उदात्त विचार होता. कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? माझ्या आधीच्या रोल नंबरच्या मुलीने आनंदीबाई जोशींचं नाव घेतलं. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाईंचं बाळ दहा दिवसांत गेलं, त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, आणि फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली पदवी घेतली, हे तिने असं काही सांगितलं की वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पुढचा नंबर माझा होता. मी उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं.

"आत्याचे गुडघे, सर."

पाच वर्षं मला कॉलेजात याच नावाने ओळखत होते.

तर ब्रांच. आमच्या काळी नीट नव्हती, पण निवडायची रीत हीच. मुलं विषयाच्या प्रेमात पडत नाहीत, सरांच्या पडतात. आमचे सर्जरीचे हेड सर ऑफिसच्या पायऱ्या चढायला लागले की कॅज्युअल्टीतले मामासुद्धा विडी विझवून सरळ उभे राहत. मी त्यांची चाल उचलली, एक भुवई वर करायची लकब उचलली, चहा बशीत न ओतता कपातूनच प्यायला लागलो. सर्जन व्हायची एवढी तयारी झाल्यावर मी पहिल्यांदा ऑपरेशनला आत गेलो. साधा हर्निया होता. माझ्या हातात रिट्रॅक्टर दिला, म्हणजे जखम उघडी धरून ठेवायचं एक वाकडं लोखंड. ते धरायचं आणि गप्प उभं राहायचं. सरांनी चीर दिली, कॉटरी लावली, आणि ते जळक्या मांसाचं धुरकट पहिलं वेटोळं माझ्या मास्कमध्ये शिरलं. भुवई वर गेली. पाठोपाठ डोळेही वर गेले.

मी रोग्याच्या अंगावर पडलो नाही याचं श्रेय मागे उभ्या असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला. तिने मला काखेतून धरलं आणि गव्हाचं पोतं सरकवावं तसं एकटीने भिंतीपर्यंत नेलं. तिथे, रोग्याच्या डोक्याशी, भूल देणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. एक बोट नाडीवर, एक डोळा बॉइल्स मशीनच्या फुग्यावर आणि पदराआड पेपरातलं शब्दकोडं. त्यांनी पायाने एक स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बस इथे. तीन अक्षरी शब्द सांग, आडवा, 'घेरी'."

मला आला नाही. त्यांनीच लिहिला: भोवळ. पण एक शोध त्या दिवशी लागला. सबंध ऑपरेशन थिएटरात बसायला स्टूल असलेली ब्रांच एकच आहे.

ही वर्गमैत्रीण जाता जाता सांगायला हवी. तिला ऑर्थोपेडिक्स हवं होतं. मार्कही होते. सगळ्यांनी तिला समजावलं, हाडं ओढायला ताकद लागते, मुलींनी गायनॅक घ्यावं. पासष्ट किलोचा मी तिने एका दमात उचलल्याला पंधरा माणसं साक्षी होती, त्यातली निम्मी समजावणाऱ्यांत होती, आणि मला सांगायला लाज वाटते, एक मी होतो. तिने गायनॅक घेतलं. आजही तिच्या क्लिनिकमध्ये टेबलाचा पाय निसटला तर सुताराला बोलवत नाहीत.

त्या भोवळीनंतर मी मेडिसिनकडे वळलो, कारण तिथे रक्त नसतं, चर्चा असते. चर्चा म्हणजे सकाळी नऊला सुरू झालेला राउंड दुपारी दोनला सतराव्या खाटेपाशी पोचलेला, आणि पोटात मेडिसिनच्या हॅरिसन नावाच्या जाडजूड पुस्तकाएवढा खड्डा. शिवाय मर्मर. हृदयाच्या ठोक्यांमधला तो बारीक खुर्रर्र आवाज सगळ्यांना ऐकू यायचा, मला स्टेथोस्कोपमधून फक्त माझीच छाती धडधडताना ऐकू यायची. पण सगळे मान हलवत, मीही हलवायचो. एकदा सरांनी बारा नंबरच्या खाटेवर माझ्याकडे बोट केलं. मी डोळे मिटून ऐकलं आणि पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं: मिड-डायस्टोलिक मर्मर, घरघरता, डाव्या कुशीवर वाढणारा, मायट्रल स्टेनोसिस. सर शांतपणे म्हणाले, "उत्तम. आता यांना उठू दे. पेशंट एक्स-रेला गेलाय, हे त्याचे मेव्हणे आहेत."

मेव्हण्यांनी आठवडाभर जेवण सोडलं होतं असं नंतर कळलं.

मग एकेक दार वाजवत निघालो. बालरोग विभागात मी ज्या बाळाला उचललं त्याने माझ्या शर्टावर मत नोंदवलं. मानसोपचारात एका रोग्याने माझी सगळी हकीकत तासभर ऐकून घेतली आणि शेवटी मॅडमना सांगितलं, यांना आधी बघा. डोळ्यांचा विचार केला, तर लायब्ररीत वाचलं की शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल १८९१ मध्ये लंडनला डोळ्यांचे डॉक्टर म्हणून बसले होते, आणि एकही पेशंट फिरकला नाही म्हणून गोष्टी लिहीत राहिले. मला गोष्टीही लिहिता येत नव्हत्या. इंटर्नशिपला प्रसूतिकक्षात मी साडेसहा नंबरचे ग्लोव्हज साडेसात नंबरच्या हातात चढवत होतो, तोवर मावशींनी बाळ काढलं, नाळ बांधली, पुसलं आणि माझ्या अर्ध्या चढलेल्या ग्लोव्हजमध्ये ठेवून म्हणाल्या, "घ्या डॉक्टर, झाली तुमची डिलिव्हरी."

पीएसएम, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधात्मक वैद्यक, हा विषय मी घेऊ शकलो असतो. पण त्याचा तास दुपारी दोनला, मेसच्या वांग्याच्या रश्श्यानंतर असायचा. सर दर वर्षी एका जॉन स्नो नावाच्या गृहस्थाबद्दल सांगत. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, यांनी मेलेल्यांची घरं शोधून काढली, सगळा रोख ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे जातोय हे दाखवून पंपाचा दांडा काढायला लावला. मी नेहमी दांड्यापर्यंत पोचायच्या आधी झोपायचो. पुढे कळलं की हेच जॉन स्नो लंडनचे नामांकित भूलतज्ज्ञ होते. त्या साथीच्या आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिला होता. म्हणजे ज्यांचं नाव ऐकून माझी शुद्ध हरपायची, त्यांचा धंदाच तो होता.

बाकीच्यांचं कसं ठरत होतं? माझा रूम पार्टनर सर्जन झाला, कारण त्याच्या वडिलांनी तो अकरावीत असतानाच गावातल्या बंगल्याच्या तळमजल्यावर ऑपरेशन थिएटरची फरशी घातली होती. त्याची ब्रांच गवंड्याला त्याच्या आधी माहीत होती. एकाने रेडिऑलॉजी घेतलं, कारण त्याला माणसांशी बोलायचा कंटाळा. एकीला स्किन हवं होतं, कारण खरजेसाठी रात्री अडीचला कोणी उठवत नाही; आणि हे कारण हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत १९८९ साली यावर रीतसर अभ्यास छापून आला, की मुलं आता आपल्या वेळेवर आपला ताबा राहील अशा शाखांकडे वळताहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याचं एक सूत्रही केलंय: रोड. आर म्हणजे रेडिऑलॉजी, ओ म्हणजे ऑप्थॅल्मॉलॉजी, ए म्हणजे अ‍ॅनेस्थेशिऑलॉजी, डी म्हणजे डर्मटॉलॉजी. सुखाचा रस्ता. यातला ए माझा.

हा ए मला कसा मिळाला ते सांगतो. प्रवेशाच्या दिवशी एका हॉलमध्ये फळ्यावर सगळ्या जागा खडूने लिहिलेल्या. गुणवत्तेप्रमाणे नाव पुकारलं जायचं, मुलगा पुढे जाऊन जागा सांगायचा, आणि क्लार्क डस्टरने ती पुसायचा. पेडियाट्रिक्स पुसलं. स्किन पुसलं. डोळे पुसले (फळ्यावरचे, आणि मागच्या रांगेत एकीने स्वतःचेही). माझा नंबर बराच खाली होता, म्हणून मी म्हटलं तोवर वडापाव खाऊन येऊ. गर्दी होती, दुसरा घाणा निघेपर्यंत थांबलो, मिरची राहिली म्हणून परत गेलो, आणि हॉलमध्ये शिरलो तेव्हा माझं नाव तिसऱ्यांदा पुकारत होते. फळ्यावर तीनच ओळी उरल्या होत्या: अ‍ॅनाटॉमी, फोरेन्सिक आणि डीए, म्हणजे डिप्लोमा इन अ‍ॅनेस्थेशिया. पहिल्या दोन्हींत पेशंट मेलेला असतो. तोंडात वडा होता. मी डीएकडे बोट केलं. डोळ्यांसमोर, खरं सांगतो, ना सेवा होती ना शास्त्र. ते स्टूल होतं.

एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. वडील एसटीच्या विभागीय कार्यालयात हेडक्लार्क. मी ओरडून म्हणालो, "बाबा, डीए मिळाला!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग सावध आनंदाने त्यांनी विचारलं, "किती टक्के? आणि फरक रोख देणार की पीएफमध्ये?"

महागाई भत्ता आणि माझी ब्रांच यांतला फरक त्यांना समजावेपर्यंत माझ्याजवळची सगळी नाणी संपली. समजल्यावर ते थोडे खट्टूच झाले.

तेव्हापासून पंचवीसहून जास्त वर्षं मी सुखाच्या रस्त्यावर आहे. रस्ता अक्षरशः. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही, मी शहरातल्या आठ-दहा नर्सिंग होममध्ये फिरून भूल देतो. स्कूटरच्या डिकीत लॅरिंगोस्कोप, अँबू बॅग, नळ्या, औषधांची पेटी आणि त्यांच्या खाली कधी कधी बायकोने सांगितलेली मेथीची जुडी. स्किनवाल्यांना रात्री अडीचला कोणी उठवत नाही हे खरं. त्या वेळी ज्यांना उठवतात ते सगळे फोन मला येतात. "सर, सीझर आहे, निघा." मी निघतो. एकदा झोपेत निघालो आणि पेटीऐवजी शिवणाचा डबा घेऊन पोचलो. सर्जनने उघडून बघितला आणि म्हणाला, "टाके मी घालतो हो, तुम्ही झोपवा."

आणि मान म्हणाल तर आमच्या शाखेचं मुळातच ग्रहमान तसं आहे. होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला भर सभेत लाफिंग गॅस देऊन दात काढून दाखवला, तर पेशंट ओरडला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ ला, त्याच गावात त्याचाच जुना सहकारी मॉर्टन याने ईथर देऊन दाखवलं आणि नाव कमावलं. आमचे लोक आजही १६ ऑक्टोबर साजरा करतात. मी जानेवारीत वेल्ससाठी एक मिनिट शांत बसतो. हुर्यो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

पेशंटने शुद्धीवर आल्यावर आपल्याला विसरणं हीच आमच्या कामाची पावती. पेढे सर्जनला. साडी सिस्टरना. मला लिफ्टमध्ये एकदा एका बाईंनी ओळखलं, फार बरं वाटलं, त्या म्हणाल्या, "तुम्ही गॅसवाले ना? सिलिंडर कधी येणार?" आणि मराठी भाषेने मला जो हुद्दा दिला आहे तो तर पाहाच: भूलतज्ज्ञ. घरात काही सांडलं, हरवलं, करपलं की मुलगा शांतपणे म्हणतो, बाबांना विचारा, त्यांनी त्यात डिप्लोमा केलाय.

एक गोष्ट मात्र आहे, ती भाचीलाही सांगितली. थिएटरमध्ये जे पल्स ऑक्सिमीटर असतं, त्याची टिकटिक रक्तातला ऑक्सिजन उतरला की सुरात खाली जाते. जरासाच, अर्धा सूर. सर्जनला ऐकू येत नाही, तो गप्पा मारत असतो. मला येतो. मर्मर ज्याला जन्मात ऐकू आला नाही, त्याला शेजारच्या खोलीतून तो अर्धा सूर ऐकू येतो आणि तो चहा टाकून धावतो. का ते मला माहीत नाही. निवडताना मी असलं काही योजलं नव्हतं, मी मिरचीसाठी परत गेलो होतो.

आणि आत्या. चार वर्षांपूर्वी तिचे दोन्ही गुडघे बदलले. पाठीत सुई मी दिली. हात कधी नव्हे इतका थरथरत होता. दोन तास तिच्या डोक्याशी बसून मी नाडी, दाब, श्वास बघत होतो, ती अर्धवट झोपेत मला रामरक्षा म्हणायला लावत होती आणि चुकलं की दुरुस्त करत होती. ज्यासाठी घराने मला डॉक्टर केलं ते काम माझ्या हातून पार पडलं, असं वाटून माझे डोळे भरून आले. तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून चालली. भेटायला आलेल्या समस्त नातेवाइकांना तिने सांगितलं, "हाडाचे डॉक्टर म्हणजे देवमाणूस हो! काय कष्ट करतात. आमचा बाळ्याही होता तिथे." मग आवाज खाली आणून, "बसून होता. स्टुलावर."

हे सगळं मी भाचीला सविस्तर सांगितलं. इतकं सविस्तर की हातावरचा दहीभात वाळून त्याचं प्लास्टर झालं. शेवटी म्हटलं, "तर आता तू विचार, तुला काय विचारायचंय."

"मामा," ती फार शांत आवाजात म्हणाली, "ब्रांच माझी कधीच ठरलीय. नोंदणीच्या वेळी माझा फोन बादलीत पडला होता, म्हणून फॉर्मवर नंबर तुझा दिलाय. तुझ्या फोनवर ओटीपी आलाय. म्हणजे आला होता. दहा मिनिटांचा असतो."

घड्याळात अकरा सत्तेचाळीस झाले होते.

"आता मी दुसरा मागवतेय. तू काही बोलू नकोस. फक्त सहा आकडे सांग."

आला. मी चष्मा कपाळावर असताना चष्मा शोधला, बायकोने तो नाकावर आणून ठेवला, आणि मी सहा आकडे स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचून दाखवले. इतक्या वर्षांत आमच्या घरात कोणी लगेच अमलात आणलेला माझा हा पहिलाच वैद्यकीय सल्ला.

त्यातले शेवटचे दोन मी उलटे सांगितले होते.